पात्रतेपुरता डोंगर

अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या आमच्या मराठी महिला मंडळाने यंदा संक्रांतीला वाण लुटणं बंद केलं. वाचलेल्या पैशांतून ग्वाटेमालातल्या माया जमातीच्या विणकर बायकांना छोटी कर्जं द्यायची, असा ठराव टाळ्यांच्या गजरात संमत झाला.

पहिला अर्ज पेत्रोनाचा आला. पेत्रोना माया होती, विणकर होती, बाई होती आणि गरजूही होती. अडचण एवढीच, की ती दर गुरुवारी अध्यक्ष सुवर्णाताईंचं घर साफ करायला यायची. मे महिन्यातल्या टाउन फेअरमध्ये विणलेलं विकायला तिला पहिल्यांदाच टेबल मिळालं होतं. सुताला पैसे नव्हते.

"पण ती तर इथेच राहते यार!" मंडळातली देवयानी म्हणाली. "इथल्या बाईला हेल्प केली, तर ती हेल्प दिसणार कशी?"

तरीही आलेला अर्ज तपासायचाच, नियम म्हणजे नियम. छाननी समितीने फोटो मागवला. पेत्रोनाचा माग साधा असतो: एक टोक खांबाला, दुसरं तिच्याच कमरेला. फोटोतला खांब पार्किंग लॉटचा निघाला. समितीने शेरा मारला, 'पार्श्वभूमीत डोंगर नाही.'

"डोंगर तिकडेच राहिला, मॅडम," पेत्रोना म्हणाली. "मी तेवढी आले."

सुवर्णाताईंचं मन मोठं. त्यांनी तिला स्वतःच्या गाडीतून जवळच्या वाचुसेट डोंगरावर नेलं, झाडाला माग बांधला, मागाला पेत्रोना बांधली आणि तिला कोट काढायला लावला. ऐन क्लिकला मागून बर्फावरून दोन स्कीवाले घसरत आले. अर्ज परत.

शेवटी विनीताने तोडगा काढला: मंडळाने फंडरेझर डिनर ठेवावं, पेत्रोनाने तिथे विणून दाखवावं. मानधन नव्हतं, कारण एक्सपोजर होतं. हॉलच्या खांबाला बांधलेली पेत्रोना पुरणपोळी संपेपर्यंत विणत होती. उरलंसुरलं सूत त्यातच गेलं. सगळ्यांनी सेल्फी काढले, काहींनी डोळे पुसले. निधी विक्रमी जमला आणि सगळाच्या सगळा ग्वाटेमालाला रवाना झाला. तिथे डोंगर आहेत.

"आणि माझं सूत?" खुर्च्या रचता रचता पेत्रोनाने विचारलं.

"पेत्रोना, यू आर फॅमिली," सुवर्णाताई गहिवरल्या. "घरच्या माणसाला कर्ज द्यायचं नसतं. संबंध बिघडतात."

टाउन फेअरमधलं तिचं टेबल मेणबत्तीवाल्याला गेलं. त्या रात्री विणून पुरा झालेला लाल पट्टा मात्र आता माझ्या डायनिंग टेबलावर आहे. आल्यागेल्याची नजर आधी त्याच्यावरच जाते. मग मी माया बायकांचे हाल सांगते, ऐकणाऱ्यांचा घास घशात अडकतो.

तुम्हालाही हवा असेल, तर तिचा नंबर देते. ती सांगेल त्या किमतीच्या निम्म्यापासून सुरुवात करा. ऐकते बिचारी, सुताला पैसे हवे असतात ना तिला.