गुरुजींनी मांडलेलं रंगीत पान

स्वानंदीने बातमी दिली तो मंगळवार अगदी नेहमीसारखा होता. ढुंढिराज गुरुजी रामकुंडावरचं यजमानांचं काम उरकून घरी आले होते आणि ओट्यापाशी उभे राहून कुकरमधूनच खिचडी खात होते. (कुकरमधून खाल्लं की ताट घासावं लागत नाही, हा शोध त्यांनी पत्नी साधनाताई गेल्यानंतरच्या वर्षभरात लावला होता.) स्वानंदी, त्यांची एकुलती एक मुलगी, दुसऱ्या पाळीला निघाली होती.

"बाबा, मी एक तारखेपासून कंपनीजवळ राहायला जातेय. माझ्यासोबत यशश्री काम करते ना, तिच्या फ्लॅटवर."

"इथून अंबडला बस जाते की."

"बस जाते. प्रश्न बसचा नाहीये." तिने कुकरकडे पाहिलं. "इथे कोणी जेवत नाही, बाबा. आपण नुसतं पोट भरतो. तुम्ही तुमच्या वेळी, मी माझ्या. तिथे दोघी निदान समोरासमोर बसून दोन घास खाऊ."

गुरुजी "बरं" म्हणाले. (घाबरले की ते नेहमी "बरं" म्हणत.)

ती गेल्यावर मात्र त्यांनी ठरवलं, गुरुवारी तिची सुट्टी आहे, त्या दिवशी असं जेवू घालायचं की पोरगी जाण्याचं नावच काढणार नाही. मोबाइलवर एक बाई सांगत होत्या, रोजचं ताट रंगीत हवं, देखणं हवं आणि जेवण सावकाश व्हायला हवं. त्यात अवघड ते काय? गुरुजींनी आयुष्यभर उत्तम पानं पाहिली होती. फक्त ती दुसऱ्यांच्या घरची होती आणि गुरुजी त्यांच्यासमोर जेवायला बसलेले होते, एवढाच फरक.

बुधवारच्या बाजारात हात आपोआप चालला. पिवळ्याकेशरी रंगासाठी लाल भोपळा. हिरव्यासाठी गवार, अळू, कारली. गाजरं टवटवीत होती, पण का कोण जाणे, त्यांना हात लावावासा वाटला नाही. कांद्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

गुरुवारी सकाळपासून स्वयंपाकघरात धूर होता. वड्यांचं पीठ इतकं सैल झालं की पहिला वडा तेलात पसरून तव्याएवढा झाला. कारल्याची पहिली भाजी करपली, दुसरी तिच्याच शेजारी उभी राहून करपल्यासारखी दिसू लागली. तरी बाराच्या सुमाराला केळीच्या पानावर सगळं मांडलं, तेव्हा गुरुजींना स्वतःचंच कौतुक वाटलं. पांढरी खीर, सोनेरी वडे, केशरी भोपळा, हिरवीगार गवार, आमसुलाची काळपट लाल चटणी. शेजारी वाटीत तगरीची पांढरी फुलं ठेवली, शोभेला.

स्वानंदी आंघोळ उरकून आली आणि बघतच राहिली. "बाबा, हे तुम्ही केलंत?"

"बस. फोन तिकडे ठेव. बोलायचं नाही, घाई करायची नाही. सावकाश होऊ दे."

ती मुकाट्याने जेवू लागली. गुरुजी समोर बसायचं सोडून हात जोडून उभे राहिले. थोड्या वेळाने त्यांनी गंभीरपणे विचारलं, "तृप्त झालात ना?"

"झालात?" स्वानंदीचा घास हातात राहिला.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या अनसूयाआत्या विरजण मागायला दार ढकलून आत आल्या. पानाकडे पाहिलं, फुलांकडे पाहिलं, हात जोडलेल्या भाच्याकडे पाहिलं आणि पदर सावरून हलक्या आवाजात म्हणाल्या, "ढुंढ्या, आज तिथी कोणाची रे?"

"कोणाची नाही, आत्या. साधं रोजचं जेवण आहे."

"रोजचं? खीर, वडे, गवार, कारलं, आमसुलाची चटणी? अरे, श्राद्धाचा स्वयंपाक मांडलायस पोरीपुढे. वर तिला ब्राह्मणासारखं विचारतोस, तृप्त झालात का."

गुरुजींनी पानाकडे नव्याने पाहिलं. तीस वर्षं ज्या पानावर ते जेवले होते, तेच पान होतं. दुसरं त्यांना येतच नव्हतं. "आता वाढून झालंय," ते ओशाळून म्हणाले.

स्वानंदीला हसताना ठसका लागला. आत्यांनी तिच्या पाठीवर थापट्या मारल्या. "हसतेस काय? शिरा करते पटकन, निदान काहीतरी शुभ पोटात जाऊ दे."

"नको, आज्जी. वडे मस्त झालेत." मग ती हळूच म्हणाली, "आईच्या वर्षश्राद्धाला मी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये जेवले होते. बाबा, तुम्ही?"

"मी विधी केला. मग घाटावर दुसरे यजमान थांबले होते. मला वाटतं, जेवायचं राहिलंच."

मग आत्यांनी आणखी दोन पानं धुऊन आणली आणि म्हणाल्या, "बस खाली. उभा काय राहिलायस दाराशी मागायला आल्यासारखा."

"आईला गवार अजिबात आवडायची नाही," स्वानंदी म्हणाली.

"माझ्यासाठी करायची आणि स्वतः लोणच्याशी पोळी खायची," गुरुजी म्हणाले.

"आणि तुम्हाला वाटायचं तिला लोणचं फार आवडतं," आत्या म्हणाल्या. गुरुजींना खरंच तसं वाटायचं.

पानावरचे हात वाळून गेले तरी कोणी उठलं नाही. बोलता बोलता चहाची वेळ झाली. संध्याकाळी स्वानंदी यशश्रीचा फ्लॅट बघायला निघाली, तेव्हा आत्यांनी डब्यात वडे भरून दिले आणि बजावलं, "कसले वडे आहेत ते तिला सांगू नकोस."

गुरुजी गॅलरीत उभे राहून पाहत राहिले. रंग जमले होते, जेवण सावकाश झालं होतं, पोरगी पोटभर हसली होती. ती कोपऱ्यावरून वळल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की "जाऊ नकोस" असं त्यांनी तिला सांगितलंच नव्हतं.