थोरवे सरांचा टाइमआउट

थोरवे सरांनी आमच्या कॉलेजची बास्केटबॉल टीम नारायणगावच्या टोमॅटो मार्केटात निवडली. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. खालून रिकामे क्रेट भिरकावले जात होते, वर ट्रकवर उभी असलेली पोरं ते झेलत होती, आणि सर शिट्टी तोंडात धरून बाजूला उभे. एका पोरानं मित्राशी गप्पा मारता मारता, न बघताच, क्रेट झेलला. सरांनी जोरात शिट्टी फुंकली. सगळं मार्केट गार झालं.

"कोन्च्या कॉलेजात हायेस रं?"

"तुमच्याच, सर."

"मग ग्राउंडावर कधी दिसला न्हाईस?"

"येतच नाय, सर."

"उद्यापासनं ये."

सर मूळचे कबड्डीचे. पण गावातल्या एका कापडवाल्या शेठजींनी वडिलांच्या नावानं कॉलेजला बास्केटबॉलचं मैदान बांधून दिलं आणि दर आठवड्याला "टीम कुठाय?" म्हणून विचारायला लागले. प्राचार्यांनी सरांना टीम काढायला सांगितली आणि मला मॅनेजर केलं. मी ग्रंथपाल. "तसंही लायब्ररीत कोण येतं?" असं प्राचार्य म्हणाले. आणि ते खरं होतं.

नऊ पोरं जमली. त्यांत सगळ्यात उंच तळेघरचा किसन. डोंगर चढून-उतरून त्याच्या पायांत असं बळ आलं होतं की दमणं म्हणजे काय हे त्याला समजावून सांगावं लागे. सरांनी नियमांचं पुस्तक माझ्याकडून नेलं, दोन दिवसांत परत केलं आणि म्हणाले, "इंग्रजी नावं पोरांना झेपायची न्हाईत, राव." रिंगला लागून परत येणाऱ्या चेंडूला त्यांनी 'खोंड' असं नाव दिलं. त्यानंतर रोज संध्याकाळी मैदानावरून आरोळी ऐकू यायची, "खोंड सुटला! धरा त्याला! आरं, वेसन धर की!" रस्त्यानं जाणारे शेतकरी दोनदा खरंच मदतीला धावून आले.

दम वाढावा म्हणून चेंडू थापटत पळताना ते पोरांना "कबड्डी, कबड्डी" म्हणायला लावत. सवय अशी जडली की आंतरकॉलेज स्पर्धेतल्या पहिल्याच मॅचमध्ये किसन ते पुटपुटत समोरच्यांच्या अंगावर गेला. ती शहरातली पोरं इतकी गोंधळली की आपणहून बाजूला झाली. दोन बास्केट झाल्यावर पंचांनी खेळ थांबवला आणि पुस्तक उघडलं. पुस्तकात काही सापडलं नाही, तरी त्यांनी मनाई केली. त्यानंतरचा स्कोअर मी सांगणार नाही. मी तो प्राचार्यांनाही सांगितला नव्हता.

दुसरी मॅचही गेली. पण माझा जीव खाल्ला तो सरांच्या टाइमआउटनं. मिनिटभराची ती विश्रांती, त्यात कोचनं डाव समजावायचा असतो. समोरचे कोच फळीवर बाण काढत, फुल्या मारत. आमचे सर पोरांना गोल उभं करत आणि विचारत, "सकाळी काय खाल्लं? तुझ्या बहिणीचं जमलं का? गाय व्याली का रं?" पोरं माना खाली घालून उत्तरं देत. शिट्टी झाली की सर म्हणत, "चला, लई चांगलं झालं."

तिसरी मॅच आम्ही जिंकलो. कशी, ते आम्हालाही कळलं नाही. आता गटातली चौथी, शेवटची मॅच जिंकली तर पुढच्या फेरीत जाणार होतो. शेठजींनी हार आणून ठेवले. प्राचार्य माझ्याशी हसून बोलले.

ती मॅच पुण्याकडच्या एका कॉलेजात झाली. शेवटची काही सेकंदं उरली होती, आम्ही एका गुणानं मागे होतो आणि चेंडू आमच्याकडे होता. सरांनी टाइमआउट घेतला. मी कान टवकारले.

"किसन, भात काढून झाला का घरचा?"

"दोन खाचरं ऱ्हायल्यात, सर."

"आभाळ आलंय. उद्याच्याला काढून घ्या."

शिट्टी झाली. किसननं चेंडू मारला. तो रिंगवर दोन गिरक्या घेऊन बाहेर पडला.

परतताना जीपमध्ये पुढे ड्रायव्हरशेजारी सर आणि मी, मागे नऊ पोरं एकमेकांच्या मांडीवर. किसनचं डोकं मागे मावत नव्हतं, म्हणून ते आमच्या दोघांच्या मध्ये. खेडच्या पुढे मला राहवलं नाही.

"सर, एक मिनिट होतं हातात. त्यात भात काढायचा?"

सरांनी मांडीवरची पिशवी सरळ केली.

"मला कुठं येतोय बास्केटबॉल, राव? पोरं माझ्यापेक्षा बरं समजत्यात." मग आवाज उतरला. "मालकीण गेल्यापासनं घरी एकटाच असतो. पोरगा बेंगलोरला. रविवारी फोन करतो, जेवला का म्हनतो, मी जेवलो म्हनतो, झालं. घरात मी बोललो तर फकस्त पाल उत्तर देती. आन् हितं नऊ पोरं भवती गोल करून, माना खाली घालून माझं ऐकत व्हती. त्या एका मिनिटात काय निस्तं खेळाचंच बोलायचं?"

ड्रायव्हरनं उगाच हॉर्न वाजवला.

पेठ आलं. सरांचं घर तिथंच, रस्त्यापासून दोन मिनिटांवर. दिवस अजून मावळला नव्हता. सर उतरले, पिशवी घेतली, "चला, लई चांगलं झालं" म्हणाले आणि चालू लागले.

मध्ये अडकलेलं डोकं हललं.

"मला भूक लागलीया," किसन म्हणाला, आणि मागचं दार उघडून उतरला. मग बाकीचे आठ, आणि त्यांच्यामागून मी. कुणी काही ठरवलं नव्हतं.

सर वळले. "आरं, कुठं? घरात काय बी नाय! बाजरीचं पीठ हाय निस्तं."

"भाकरी जमती, सर," किसन म्हणाला. "मी थापतो."

"तू? तुझी भाकरी कोन खानार?"

दोन खोल्यांचं घर. ताटं तीनच निघाली. एकानं कांदे फोडले, एक शेजारून ठेचा मागून आला, चौघं पलंगावर बसले आणि पलंग मोडला. सगळे एकदम बोलत होते. किसनला बाजूला सारून सर स्वतःच परातीशी बसले, आमच्याकडे पाठ करून.

बाजरीचं पीठ मळायला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे. सर कितीतरी जास्त वेळ मळत होते.