वळूचा अहवाल आणि जोतीरामचा अर्ज

गडमुडशिंगीच्या जोतीरामच्या लग्नाला सहा वर्षे होऊनही मूल झाले नव्हते. सबब त्याची बायको झुंबर आजारी आहे, असे घरात एकमताने ठरले होते. झुंबरला स्वतःला कसलाही त्रास नव्हता. परंतु तिचे मत कोणी मागवले नव्हते. तीन डॉक्टर, दोन वैद्य आणि एका पाहुण्याने आणलेला काढा एवढे उपचार तिच्यावर झाले होते. जोतीरामला तपासण्याचा प्रश्नच नव्हता. तो क्विंटलचे पोते एका दमात पाठीवर घेई. याहून पक्के प्रमाणपत्र कोणता डॉक्टर देणार?

ही पोती तो कोल्हापुरात एका शेतकरी संघाच्या गोदामात उचलत असे. गोदामाचे छप्पर गळके होते. दर पावसाळ्यात शेंगदाण्यावर हिरवी-पिवळी बुरशी चढे आणि असला माल 'कर्मचारी कल्याण' या सदराखाली हमालांना फुकट मिळे. जोतीराम तो गुळाबरोबर मुठीमुठीने खाई. झुंबरला ते दाणे कडू लागत, म्हणून ती तोंडाला लावत नसे. सासूच्या, म्हणजे आक्काच्या मते, सुनेच्या दोषाचे मूळ या न खाण्यातच होते.

सातव्या वर्षी आक्काने शिरोळला दुसरी मुलगी पाहून ठेवली. त्या दिवशी झुंबर पहिल्यांदा बोलली.

"आना की. पर आदी ह्यास्नी डॉक्टरला दावा. तिला बी न्हाय झालं, तर तिसरी कुटनं आननार?"

तिचे तोंड बंद व्हावे म्हणून जोतीराम तिला घेऊन कोल्हापूरच्या राजारामपुरीत डॉ. नंदिनी कानिटकरांकडे गेला. दोघांच्या तपासण्या झाल्या.

"यांच्यात काही दोष नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्यात बीज कमी आहे. जे आहे तेही अशक्त."

"आसं कसं, बाई? म्या क्विंटलचं पोतं उचलतो की!"

"पोतं पाठीनं उचलतात."

मग त्यांनी खाण्यापिण्याची चौकशी केली आणि दाण्यांपाशी थांबल्या. "बुरशीत विष असतं. नर जनावरांत त्यानं बीज घटल्याचं दिसलंय. तुमचं कारण तेच, असं छातीठोक सांगता येणार नाही. पण ते दाणे आजपासून बंद. धुऊन, भाजूनही त्याचा भरवसा धरू नका."

परतताना बसमध्ये जोतीराम खिडकीबाहेर बघत राहिला. गाव जवळ आल्यावर त्याने हळूच विचारले, "त्यो काढा लई कडू हुता काय गं?"

"आता इचारतायसा व्हय?" झुंबर म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो संघाचे व्यवस्थापक गणपतराव यांच्यासमोर उभा राहिला. तेच दाणे बाकीचे हमालही खात होते; ते वाटणे बंद करावे, असे त्याचे म्हणणे होते. गणपतरावांनी छापील नमुना काढला. नुकसानीच्या कारणाचे रकाने चार होते : उंदीर, कीड, पाऊस, चोरी.

"बुरशी कुटं लिवू, सायेब?"

"पाऊस लिहा. आणि नुकसान कशाचं झालं?"

जोतीरामने सांगितले. गणपतरावांनी उठून दार लावले.

"हे असलं फाइलीत येऊ नये हो. संस्थेची अब्रू आहे. आणि काय हो, मंडळींना तपासलंत का?"

तरीही अर्ज आलाच असल्याने त्यावर संघाच्या अधिकृत डॉक्टरांचा शेरा आवश्यक होता. संघाचे अधिकृत डॉक्टर जनावरांचे होते. त्या नृसिंहरावांनी अर्ज दोनदा वाचला आणि ते ताडकन उठले.

"अरे, ह्याच दाण्याची पेंड आपला वळू खातोय!"

संघाच्या वळूपासून वर्षभरात एकही गाय गाभण राहिली नव्हती. आता मात्र चक्रे फिरली. त्याच संध्याकाळी संचालकांची तातडीची सभा भरली. चौथ्या दिवशी पेंड बंद झाली, दाण्यांच्या पोत्यांवर 'जनावरांच्या आहारास अयोग्य' असा शिक्का बसला आणि वळूला तीन महिन्यांची विश्रांती मंजूर झाली. सभेत एकाही संचालकाने गाईंना दोष दिला नाही. गाईंना काढा पाजावा, अशी सूचनाही आली नाही. जोतीरामचा अर्ज वळूच्या अहवालाला जोडून निकाली काढण्यात आला.

जोतीराम घरी आला आणि अंगणातच उभा राहून मोठ्याने म्हणाला, "आक्का, दोष माज्यात हाय. शिरोळला सांगावा धाड, पोरगी दुसरीकडं द्या म्हनावं."

"हळू बोल की! लोक ऐकत्यात!"

"सा वर्सं हिच्याबद्दल बोलत हुतीस, तवा लोक न्हवते व्हय?"

झुंबर दारातच थांबली होती.  डोक्यावरचा पदर जरा सैल करून ती आत गेली आणि तिने चहा टाकला.

जोतीरामचे दाणे बंद झाले. दीड वर्षाने त्यांना मुलगी झाली. काढ्याचा गुण उशिरा आला, असे आक्का अजूनही सांगते.

राहता राहिली ती पोती. ती जनावरांना चालत नाहीत, एवढेच शिक्का म्हणत होता; माणसांबद्दल त्यावर अवाक्षर नव्हते. सबब ती माणसांना चालतात, असा नियमानुसार अर्थ निघाला. जोतीरामने हरकत घेतली. ती 'पाऊस' या रकान्यात नोंदवून घेण्यात आली. पोती बाजारात गेली आणि तिखट-लसूण घालून त्यांची उत्तम चटणी झाली. ती कोणाकोणाच्या घरी गेली, याची नोंद ठेवण्याची पद्धत नाही.

तेव्हा आपल्या ताटातली चटणी किंचित कडवट लागली, तर वाचकांनी घाबरून जाऊ नये. रिवाजाप्रमाणे प्रथम सूनबाईंना डॉक्टरकडे न्यावे.