कुशीचा लांडगा

"लांडगा मिळणार म्हणजे मिळणारच!" मोहनरावांनी जाहीर केले. थाट असा, की जणू लांडग्याने वेळ व ठिकाण कळवणारे पत्रच धाडले होते!

मोहनराव लासुर्ण्याचे. तंत्रनिकेतनाची पदविका घेऊन त्यांनी साखर कारखान्याच्या बॉयलरवर चौतीस वर्षे काढली होती. त्यांच्याकडे चहासुद्धा आधी कागदावर उकळतो, असे त्यांच्या पत्नी अनिताबाई म्हणत. निवृत्तीनंतर त्यांनी कॅमेरा घेतला. सोबतची पुस्तिका पेन्सिलीने खुणा करत दोनदा वाचली आणि मगच भिंगावरचे झाकण काढले.

पण लांडगाच का? त्याला कारण होते. त्यांच्या घराण्यात न घडलेल्या गोष्टीला 'कुशीचा लांडगा' म्हणत.

"आजपासनं दिवसा लाइट देणार हायती म्हणं!"

"कुशीचा लांडगा!"

म्हणजे लाइट येणार नाही, हे सगळ्यांना कळे.

कुशी म्हणजे मोहनरावांची थोरली बहीण कुशाबाई. काटेवाडीला दिलेली, आता पंचाहत्तरीची. अकरा वर्षांची असताना ती माळावर शेळ्या राखत होती आणि एक करडू गेले. "लांडग्यानं नेलं!" ती रडत सांगत आली. वडिलांनी साक्षीदाराला पुढे ओढले. साक्षीदार म्हणजे सहा वर्षांचा मोहन.

"कुत्रं हुतं," साक्षीदार म्हणाला.

पोरगी झोपा काढते आणि वर थापा मारते, असा निकाल लागला. कुशीला मार बसला तो बसलाच, पण त्या दिवसापासून तिच्या शब्दाचे वजनही गेले. आणि खरी गोष्ट अशी, की मोहनने त्या वेळी तिकडे पाहिलेच नव्हते. तो बोरे वेचत होता! हे त्याने चौसष्ट वर्षांत कोणालाही सांगितले नव्हते.

गेल्या दिवाळीत भरल्या पंगतीत कोणीतरी पुन्हा 'कुशीचा लांडगा' म्हणाले. सगळे हसले. कुशाबाई मात्र अर्ध्या ताटावरून उठल्या. त्यांच्या पानातली करंजी तशीच राहिली. ती मोहनरावांच्या नजरेसमोरून काही हलेना. अक्काला डोळ्यांनी लांडगा दाखवायचा, त्याचा फोटो काढायचा आणि तो घरात सर्वांसमोर टांगायचा, असा त्यांनी निश्चय केला.

इंदापूरच्या बाजूला माळरानावर सफारीची उघडी जीप मिळते. वाटाड्या आणि चालक एकच, पन्नाशीतला ज्ञानेश. निघण्यापूर्वी मोहनरावांनी कुशाबाई आणि ज्ञानेश या दोघांच्या हाती प्लास्टिकमध्ये बंद केलेला एकेक तक्ता ठेवला. अंगठा म्हणजे तरस, तर्जनी म्हणजे चिंकारा, मधले बोट म्हणजे खोकड, अनामिका म्हणजे ससा आणि करंगळी म्हणजे लांडगा!

"आरं, तोंडानं सांगितलं तर काय बिघडंल?" कुशाबाईंनी विचारले.

"पळंल ना त्यो! आक्का, काय बी झालं तरी चकार शब्द काढायचा न्हाय."

"बरं बाबा, हे बघ, घातलं कुलूप," म्हणत कुशाबाईंनी पदर तोंडावर धरला.

"तात्या, मीबी न्हाय बोलणार," ज्ञानेश म्हणाला, आणि जीप निघाली.

तासाभरात तर्जनी दोनदा वर झाली. चिंकाऱ्यांचे सतरा फोटो निघाले. तक्ता घड्याळासारखा चालत होता! पुढे एका उतारावर जीप थांबवून मोहनराव भिंगावरची धूळ पुसत बसले होते, तेवढ्यात मागच्या बाकावरून त्यांच्या खांद्यावर थाप पडली. वळून पाहतात, तर कुशाबाईंची करंगळी ताठ वर!

आता तक्ता कितीही शास्त्रशुद्ध असला, तरी माणूस शाळा त्याआधी शिकलेला असतो. करंगळी पाहताच मोहनराव मनातून शरमले. पंचाहत्तरीचे वय, दोन कप चहा आणि त्यात जीपचे हिसके! आपण सगळ्याची यादी केली, एवढी एक सोय मात्र विसरलो!

त्यांनी अदबीने मान डोलावली. मग ज्ञानेशला करंगळी दाखवून दूरच्या हिवराच्या दाट झाडीकडे बोट केले. ज्ञानेशने मात्र तक्ता चोख पाठ केलेला! झाडीत लांडगा आहे असे समजून त्याने जीप अशी पिटाळली, की मोहनराव कॅमेऱ्यासह उताणे पडले. मागे कुशाबाई करंगळी नाचवत दुसऱ्या हाताने उलट्या दिशेला खुणा करत होत्या.

'फारच घाईची दिसते!' मोहनरावांच्या मनात आले, आणि त्यांनी ज्ञानेशच्या पाठीवर थापा मारल्या. जीप आणखी उधळली!

झाडीपाशी पोहोचताच मोहनराव उतरले आणि पाठ फिरवून सभ्यपणे उभे राहिले. ज्ञानेश लांडगा शोधत झुडपात शिरला. कुशाबाई जागच्या हलल्या नाहीत. अखेर कुलूप तुटले.

"मुडद्या, तिकडं लांडगा हुता, लांडगा!"

"पण आक्का, तू करंगळी..."

"तूच लिवलंय नव्हं कागदावर!"

जीप परत उतारावर आली. वारा होता, गवत होते, बाकी काही नव्हते.

"दुसऱ्यांदा घालवलास, मोहन्या," कुशाबाई हळूच म्हणाल्या.

मोहनराव मागे वळले. "आक्का, त्या दिशी मी बघितलंच न्हवतं गं. बोरं येचत हुतो."

"ठावं हाय."

"ठावं हाय?"

"तुझा खिसा बोरांनी फुगला हुता की!"

"मग आबांना बोलली का न्हाईस?"

"तुलाबी मार बसला असता." एवढे बोलून त्या गवताकडे पाहू लागल्या.

मोहनरावांनी कॅमेरा उघडला. उताणे पडताना त्यांचे बोट बटणावरच राहिले होते. बेचाळीस फोटो निघाले होते! आभाळ, बाक, त्यांचाच बूट, पुन्हा आभाळ. एका फोटोत मात्र कुशाबाईंची करंगळी होती, आणि त्या करंगळीमागे उतारावर एक करडे जनावर वळून पाहत उभे होते. किंचित धूसर, पण अख्खे.

ज्ञानेशने पडद्यावर नाक टेकवले. "खाली सोडलेली शेपूट बघा, लांबडं त्वांड बघा. तात्या, लांडगाच ह्यो!"

तो फोटो आता लासुर्ण्याच्या घरात दर्शनी भिंतीवर आहे. 'कुशीचा लांडगा' असे मोहनरावांनी स्वतःच्या अक्षरात खाली लिहिले आहे आणि शेजारी तो तक्ताही डकवला आहे. तक्ता कोणी वाचत नाही. येणारा पाहुणा आधी करंगळी पाहतो आणि विचारतो, "आक्कांना लई जोराची लागली हुती का?"

मोहनराव समजावून सांगायला घसा साफ करतात, तोवर माहेरी आलेल्या कुशाबाई खणखणीत उत्तर देऊन मोकळ्या होतात.

"व्हय तर! चौसष्ट वर्सं दाबून धरली हुती!"