इकडे ओढा

"एक वेळ सूर्य रजेवर जाईल, पण माझ्या हातून चुकीचं वाक्य जाणार नाही!"

छापखान्यात प्रुफं तपासणारा आपला नायक हे वाक्य रोज एकदा तरी ऐकवायचाच. कॉलनी त्याला खोडरबर म्हणायची, आधी पाठीमागे आणि मग तोंडावर. कारण त्याच्या खिशात सदैव एक लाल पेन्सिल असे, आणि 'लिफ्ट बंद आहे' अशी पाटी दिसली की तो थांबून त्यातला 'आहे' खोडल्याशिवाय जिना चढत नसे.

"जे आहे, त्याला 'आहे' कशाला म्हणायचं? उगाच शाई!"

बाकी माणूस म्हणाल तर काळजीचं गाठोडं. गॅस बंद केला का म्हणून कोपऱ्यावरून परत येणार, आणि परत आल्यावर कुलूप लावलं का म्हणून पुन्हा परत येणार. आणि सध्या तर त्याला खरीखुरी काळजी लागली होती.

कॉलनीच्या मागून एक ओढा वाहायचा. फार मोठा नाही. उडी जमली तर पलीकडे, चुकली तर गुडघाभर पाण्यात. काठावरच्या बाकावर खोडरबरचे बाबा सकाळ-संध्याकाळ बसायचे. आई गेल्यापासून बाबांनी बोलणं टाकलंच होतं. घरात काही विचारलं तर 'हूं', फार तर 'उंहूं'. ओढ्याशी बसले की मात्र त्यांचा चेहरा सैल व्हायचा. एकदा ते पाण्याला हळूच काहीतरी सांगताना खोडरबरने पाहिलं होतं. तो चपला हातात घेऊन, आवाज न करता मागे फिरला होता.

आणि हाच ओढा आता बुजणार होता! समोरच्या ऑफिसांतली मंडळी काठाला उभी राहून सिगारेटी फुंकत आणि थोटकं बिनदिक्कत पाण्यात भिरकावत. कुणीतरी तक्रार केली, 'हे तर गटार झालंय.' नगरपालिका म्हणाली, गटार असेल तर वर स्लॅब टाकू, गाड्या लावायला जागा होईल! सोमवारी सकाळी साहेब पाहणीला येणार होते. ओढा दिसला तर ओढा, गटार दिसलं तर स्लॅब.

"एक डबा आणि एक पाटी!" शनिवारी खोडरबरने बायकोपुढे जाहीर केलं. "माणसं वाईट नसतात गं, त्यांना नीट वाक्यात कुणी सांगत नाही."

बिस्किटांच्या मोठ्या डब्यात वाळू भरून तो काठावर ठेवला. जुना पत्रा घासून त्यावर मजकूर आखला: 'इकडे ओढा आहे. थोटकं डब्यात टाका.' अक्षरं लांबून दिसायला हवीत म्हणून मोठी काढली, तर 'आहे' पत्र्याबाहेर जायला लागला. खोडरबर खूशच झाला. एका फटक्यात 'आहे' उडवला, शेजारी ओढ्याच्या दिशेने ठसठशीत बाण काढला आणि पाटी गल्लीच्या तोंडाशी ठोकली.

"अहो, 'आहे' राहिलं," बायको म्हणाली.

"राहिलं नाही, काढलं!"

"मला वाचताना कसंतरीच वाटतंय."

"तुला काटेकोर मराठीची सवय नाही."

संध्याकाळी तो काठावर गेला आणि बघतच राहिला. ही गर्दी! ऑफिसवाले, गॅरेजवाले, ड्रायव्हर, न्हावी, कधी न पाहिलेली माणसं. अजून बाणाच्या दिशेने येतच होती. खोडरबरचा ऊर भरून आला. एका पाटीने लोकांना निसर्गाची गोडी लागली!

"ओढ्याला आलात?" त्याने एका टायवाल्याला कौतुकाने विचारलं.

"हो, ओढायलाच!"

"वा! पुढच्या वेळी घरच्यांनाही आणा."

"छे छे! बायको ओढू देत नाही, साहेब. चोरून येतो."

खोडरबरला नीट ऐकू आलं नसावं. "येऊ देत नाही? अहो, ओढ्याने कुणाचं काय वाईट केलंय?"

"फुफ्फुसांचं म्हणते ती," टायवाला म्हणाला आणि त्याने काडी ओढली. "पण सोय छान केलीत हां. आम्हा लोकांचा विचार कुणी करतच नाही!"

खोडरबरने आजूबाजूला पाहिलं. ज्याच्या त्याच्या तोंडातून धूर निघत होता. बाकावर बाबा खोकत होते. खोकता खोकताच ते उठले, ओढ्याकडे एकदा पाहिलं आणि काठी टेकत घरी गेले.

"पाटी एकदा सिगारेटवाल्याच्या डोळ्यांनी वाचा," घरी बायको म्हणाली.

तो गल्लीच्या तोंडाशी धावत गेला. वाचलं. 'इकडे ओढा. थोटकं डब्यात टाका.'

पायाखालची वाळू सरकली! त्याने स्वतःच्या हाताने, शुद्ध मराठीत, अख्ख्या गावाला सिगारेट ओढायचं आमंत्रण दिलं होतं. वर बाणही काढला होता!

"मग आता 'आहे' घाला की," मागोमाग आलेली बायको म्हणाली.

पण खोडलेला शब्द परत घालायचा म्हणजे हार मानायची. रविवारी सकाळी त्याने 'ओढा' पुसला, त्या डागावरच 'ओढू नका' रंगवलं आणि पाटी उचलून ओढ्याकाठी ठोकली. 'इकडे ओढू नका.' आता कोण माईचा लाल चुकीचं वाचतो ते बघू!

चुकीचं कुणीच वाचलं नाही. फार बरोबर वाचलं.

"इकडे नाही का? मग तिकडे!" असं म्हणत सगळी मंडळी दगडांवरून पाय टाकत पलीकडच्या काठावर गेली. कायदा पाळणारी माणसं ती! डबा इकडे, माणसं तिकडे, आणि मधे ओढा. थोटूक टाकायला एवढं पाणी ओलांडून कोण येणार? रविवारी संध्याकाळपर्यंत जितकी थोटकं पाण्यात पडली, तितकी आजवर पडली नव्हती. खोडरबर काठावरून ओरडत राहिला. पलीकडून लोक प्रेमाने हात हलवत राहिले.

रात्रभर बाबांचा खोकला ऐकू येत होता. खोडरबरला वाटत होतं, एकेक थोटूक आपल्याच घशात अडकलंय.

सोमवारी उजाडता उजाडता तो विजार गुडघ्यापर्यंत दुमडून ओढ्यात उतरला. हातात बायकोची पिठाची चाळणी होती. गाळ, उपस, डब्यात ओत. पाय बधिर झाले, कंबर धरली. बाबा येऊन बाकावर बसले आणि मुलाकडे नुसतं बघत राहिले. ऊन वर आलं तेव्हा पाणी निवळलं होतं. तेवढ्यात काठावर एक गृहस्थ आले. तोंडात पेटलेली सिगारेट!

"काय हो, ओढा इकडेच ना?"

"इकडे नाही!" खोडरबर कडाडला. "पाटी वाचता येते ना?"

गृहस्थांनी पाटी निरखली. "इथला 'ओढा' पुसलेला दिसतोय."

"मीच पुसलाय!"

"अस्सं. म्हणजे तुम्हाला इथे ओढा नकोय?"

"ओढाबिढा काही नको! कायमचं बंद करून टाका एकदा!"

"आणि कॉलनीची काही हरकत?"

"हरकत? कॉलनी तुम्हाला खांद्यावर घेऊन नाचेल!"

"चला, सुटलो," गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी खिशातून पेन काढलं. "मला वाटलं होतं, वादावादी होणार. मग स्लॅब टाकायला संमती, असं लिहितो."

स्लॅब! म्हणजे हेच ते पाहणीचे साहेब! त्याने बाकाकडे पाहिलं. बाबांनी मान खाली घातली होती.

"साहेब! थांबा, साहेब! ओढा हवाय!"

"आत्ताच तर नको म्हणालात?"

"तो ओढा नको, हा हवा! तो म्हणजे तुम्ही आत्ता ओढताय तो! ते क्रियापद आहे साहेब, आणि हे नाम!"

"नाम? कुणाचं?"

"पाण्याचं! ओढा आहे, साहेब! आहे! आहे! आहे!"

आयुष्यात खोडलेले सगळे 'आहे' त्याच्या तोंडून एकदम बाहेर पडत होते. साहेब गोंधळले. आणि गोंधळलेला माणूस सवयीने वागतो. त्यांनी शेवटचा झुरका घेतला आणि थोटूक बोटांनी टिचकी मारून सरळ ओढ्याकडे उडवलं!

खोडरबरने झेप घेतली. पाय घसरला, तो धप्पकन पाण्यात बसला, गळ्यापर्यंत भिजला. पण चाळणी वर होती, आणि चाळणीत साहेबांचं थोटूक धुमसत होतं.

"पकडलं!"

हे कोण ओरडलं? बाबा! बाबा उभे होते, काठी हवेत होती, आणि ते पोट धरधरून हसत होते. खोडरबर पाण्यात बसूनच त्यांच्याकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले. ओढ्यात बसलेला असल्यामुळे ते कुणाला कळलं नाही.

साहेबांचा चेहरा मात्र लालबुंद झाला. "सवय हो..." असं काहीतरी पुटपुटत ते खाली आले, चाळणीतून आपलं थोटूक दोन बोटांनी उचललं आणि निमूटपणे डब्यात नेऊन टाकलं. येताना पाण्यात डोकावले. तळाचे गोटे लख्ख दिसत होते.

"गटाराला तळ दिसत नाही कधी," ते म्हणाले. मग पुन्हा पेन काढून, स्वतःशी मोठ्याने उच्चारत त्यांनी लिहिलं, "ओढा... आहे."

त्याच दुपारी खोडरबरने मोठा पत्रा आणला. दोन्ही काठांवर डबे ठेवले. पाटीवर ऐसपैस अक्षरांत रंगवलं: 'हा पाण्याचा ओढा आहे. थोटकं डब्यात टाका.'

"जे आहे, त्याला 'आहे' कशाला म्हणायचं?" बायकोने जाळी फाटलेली चाळणी त्याच्यापुढे धरत विचारलं.

"म्हणावं," तो शिंकत म्हणाला. "नाही तर लोक बुजवून टाकतात."

बाकावरून बाबा बराच वेळ पाटी वाचत होते. मग घसा खाकरला आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा एक अख्खं वाक्य बोलले.

"'पाण्याचा' कशाला? ओढा पाण्याचाच असतो. उगाच शाई!"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. ही खोड कुठून आली, ते तिला आत्ता कळलं.

बाबांनी हात पुढे केला. "लाल पेन्सिल दे इकडे."

खोडरबरने ओल्या खिशातून पेन्सिल काढली आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली.

"घ्या बाबा. काय हवं ते खोडा. फक्त 'आहे'ला हात लावू नका!"