मारुतीकाकांनी अडवलेली जाती

जात्याला टाकी लावताना, म्हणजे झिजून गुळगुळीत झालेले दगड छिन्नीने खडबडीत करताना, आमचे मारुतीकाका मध्येच हात थांबवायचे आणि समोरच्या बाईला विचारायचे, "किल्ला बघितला का, बाई?"

धारूरात सारा जन्म काढूनही किल्ला आतून पाहिलेली बाई तेव्हा सापडणं कठीण. तटाखालून रोज सरपण आणायचं, पाणी वाहायचं. आत जायचा विषयच निघत नसे. बाई नाही म्हणाली की काका छिन्नी-हातोडी पिशवीत टाकायचे. खालच्या दगडाला टाकी लागलेली, वरचा तसाच गुळगुळीत.

"आधी किल्ला, मग वरचा दगड," एवढं बोलून चालू लागायचे.

तशा जात्यातून पीठ भरड निघतं, भाकरी थापताना चिरते. दोन-तीन दिवस चिरलेली भाकरी खाल्ली की घरातला पुरुष स्वतःच म्हणायचा, जाऊन ये एकदाची. केजहून दुसरा टाकीवाला आणून पाहिला एकाने. पण एकाने सोडलेल्या जात्याला दुसरा हात लावत नाही. तो आला, पाहिलं, चहा पिऊन गेला.

किल्ल्याच्या दरवाज्यावर सरकारी पहारा होता. साहेबाची चिठ्ठी असल्याशिवाय कुणाला सोडायचं नाही, असा हुकूम. पण पहाऱ्यावरच्या रहीमचाचांच्या घरचं जातं काकांनी सगळ्यांत आधी अडवलं होतं. बायका आल्या की चाचा पाठ फिरवून बिडी शिलगवायचे.

मग देशमुखांच्या घरचं जातं अडलं.

गावात देशमुखांपुढे कुणी बोलत नसे. आमच्या घराण्यातून शिकायला बाहेर पडलेला मी पहिलाच, आणि औरंगाबादच्या कॉलेजात माझी शिफारस केली ती त्यांनीच. सुट्टीत आलो होतो. त्यांनी बोलावून सांगितलं की, काकाला समजाव; सोमवारपर्यंत जातं पुरं करायचं, नाहीतर गाव सोडायचं. मी काही बोलायला हवं होतं. मी फक्त 'जी' म्हणालो.

मी काकांना निरोप सांगितला. सुचवलं की जातं आता पुरं करून टाका, बायकांच्या परवानगीसाठी मी कचेरीत अर्ज लिहून देतो.

"बघायला अर्ज कावून रे?" काका म्हणाले. "त्यांना सांग, गाव सोडायचं तर सोडतो. जातं मातर तसंच अर्धं ऱ्हाईल." मग माझ्याकडे नीट बघून, "तुजी शिफारस जाईल म्हणून भ्यालास व्हय?"

भ्यालो होतो. निरोप मी पोचवलाच नाही.

रविवारी देशमुखांच्या आई, सत्तरीच्या थोरल्या बाई, काठी घेऊन स्वतःच निघाल्या. मुलगा, खुद्द देशमुख, दारात आडवा आला. त्याला म्हणाल्या, "तुमच्या घरात दळत म्हातारी झाले. बाजूला हो."

तो बाजूला झाला.

मी आणि काका त्यांच्यासोबत गेलो. दरवाज्यापाशी बाई सोबत आलेल्या सुनांचा हात धरून आत गेल्या आणि काका बाहेरच दगडावर बसले. मी विचारलं, आत तुम्हांला सगळ्यांत काय आवडतं?

"मी कुठं गेलोय आत."

मला वाटलं, थट्टा करताहेत. सगळ्या गावाशी भांडणारा हा माणूस खाली मातीकडे बघत होता.

"तुजी काकू म्हणलती, एकदा आत न्या, बघू द्या. मी म्हणलो, तिथं तुजं काय काम? पुन्यांदा न्हाई बोलली ती. दोन वर्सांनी गेली." मग म्हणाले, "आता एकटा कसा जाऊ?"

मी त्यांच्या शेजारी दगडावर बसलो.

बऱ्याच वेळाने थोरल्या बाई धापा टाकत आल्या आणि काकांसमोर पायरीवर बसल्या. "कसला रे तुजा किल्ला, मारुती. तळं हाय, सीताफळी हायत, अन् माकडं. आता माजं जातं?"

"आजच करतो. पाणी हाय का तळ्यात?"

"हाय की. लई गार. पाय सोडून बसलते."

"बरं केलं," काका म्हणाले आणि थोडे पुढे सरकले. "अजून काय काय हाय, सांगा."