काशिनाथशेठ बूट काढतात

काशिनाथशेठ म्हात्रे गोल्फ खेळताना सातव्या होलपाशी बूट काढतात. मोजेसुद्धा. मोजे बुटांत कोंबतात, बूट कडेला ठेवतात आणि अनवाणी ग्रीनवर जातात. ग्रीन म्हणजे भोकाभोवतीचं ते गालिच्यासारखं कापलेलं गवत. बाकीच्या सतरा ग्रीनवर हा माणूस बूट घालून खुशाल हिंडतो.

मी नेरूळच्या फ्लॅटमध्ये राहणारा, पन्नाशीनंतर गोल्फ शिकायचं खूळ घेतलेला माणूस. मैदानाच्या मागे डोंगर, मधे तळं, काठावर बगळे. इतक्या देखण्या जागी इतकं भिकार खेळणारे आम्ही दोघेच होतो, म्हणून जोडी जमली. चेंडूला ते गोटी म्हणतात. माझा चेंडू तळ्यात गेला की म्हणायचे, "गोटी पोवाया गेली, कुलकर्नी. चल फुरं."

एकदा मी विचारलंच, "शेठ, बूट इथंच का?"

"इथ आमचा खला व्हता. भात झोरायचा. खल्यान पायतान घालून कोन जातं?"

शहर वसवायला त्यांची जमीन गेली, त्यात खळंही गेलं. पुढे तिथे हे मैदान झालं.

"मग गोल्फ कशाला शिकलात?"

"दुसरं काय सांगून आत सोरतान?"

 मी तेवढं विचारूनच थांबायला हवं होतं.

कारण मग कुणीतरी तक्रार केली. कमिटीची नोटीस आली: मैदानावर बूट सक्तीचे, नाहीतर सभासदत्व रद्द. काशिनाथशेठ सातव्या होलवर जायचेच थांबले. सहावा संपला की थेट आठव्याला. मला ते बघवेना. तीस वर्षं ऑफिसात पत्रं लिहिलेला माणूस मी. त्यांना न विचारता कमिटीला पत्र लिहिलं. 'श्री. म्हात्रे यांचे या जमिनीशी पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते आहे.' हे वाक्य मी बायकोला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे, पण पाठवू नका." मी पाठवलं.

नवी मुंबईत 'जमीन' आणि 'पिढ्या' एका वाक्यात लिहायच्या नसतात. कमिटीने पत्र सरळ वकिलाकडे नेलं. वकिलाने स्टँपपेपर धाडला: या जमिनीशी माझा किंवा माझ्या वारसांचा कोणताही हक्क, हितसंबंध वा नाते नाही. सही करा, नाहीतर गेटवरूनच परत.

तो कागद घेऊन मीच त्यांच्याकडे गेलो. दुसरं कोण जाणार? ओळींखाली बोट फिरवत त्यांनी तो वाचला. एका जागी बोट थांबलं.

"नातं कोनी घातला यान?"

"मी."

"तू शिकलेला मानूस, कुलकर्नी. जरा कमी लिवाचा."

त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"नका करू सही," मी म्हटलं. "आपण भांडू."

"भांडून व्हईल दहा वर्सांनी. मी सत्तरचा हाय. मना रविवारी जायचा हाय." मग पेन मागताना म्हणाले, "बापसाचा अंगठा घेतला, तवा मी बाजूला उभा व्हतो. आता तू र्‍हा."

मी राहिलो. त्यांनी सही केली, खाली तारीखही घातली.

रविवारी ते आले. पांढरे बूट, नाड्या घट्ट. सातव्या होलवर त्यांनी आयुष्यातला सर्वांत सुंदर फटका मारला. चेंडू भोकापासून दोन हातांवर जाऊन थांबला. शेठ मात्र गवताच्या कडेला थबकले. आता बूट काढता येत नव्हते आणि घालून जाता येत नव्हतं. त्यांनी आपली काठी माझ्या हातात दिली.

"गोटी तू घाल."

दोन हातांवरून माझा नेम तीनदा चुकला. आता चांगलं ऐकवणार म्हणून मी मागे वळलो. त्यांचं चेंडूकडे लक्षच नव्हतं. ते माझ्या बुटांतल्या पावलांकडे बघत होते.

"हलू पाय टाक," ते म्हणाले. "हलू."